गच्चीतलं घरचं: ओला कचरा, हलकी माती आणि ताटापुरती भाजी

गच्चीकर (धागाकर्ता)

ओला कचरा घरात जिरवणं, त्याची माती करणं आणि त्या मातीत भाजी घेणं यावर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालंय, पण नवीन माणसाला ते शोधून जुळवता येत नाही. म्हणून हा एकच धागा. हिशेब चार माणसांच्या घराचा, गच्ची दीड-दोनशे चौरस फूट, हवा पुण्याची. मुंबई-कोकणकरांनी पावसाची आणि विदर्भकरांनी उन्हाची भर घालावी.

बहुतेक लोक उलटी सुरुवात करतात. आधी रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं येतात, मग कुंड्यांची धावपळ, मग मिळेल ती माती, आणि सगळं पिवळं पडलं की खताची चौकशी. खरा क्रम असा: वाळली पानं, पिंप, माती, सगळ्यात शेवटी बी. पहिल्या तीन गोष्टींना चार महिने लागतात.

पानं. पुण्यात पानगळ जानेवारीअखेर सुरू होते, मार्चपर्यंत चालते. वर्षभराचा साठा तेव्हाच करायचा. चार माणसांच्या स्वयंपाकघरातून रोज अंदाजे ८०० ग्रॅम ते १ किलो ओला कचरा निघतो, म्हणजे दोनेक लिटर. त्यावर रोज अडीच लिटर चुरलेली पानं लागतात. वर्षाची झाली नऊशे लिटरच्या आसपास. धान्याच्या पोत्यात ८० ते ९० लिटर चुरा बसतो, म्हणजे दहा-बारा पोती. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सर्वांत उत्तम, चुरावी लागत नाहीत. आंबा, वड, देशी बदाम यांची पानं चिवट. पोत्यात भरून पायाने तुडवा, नाहीतर सहा महिन्यांनी जशीच्या तशी हाती येतात. निलगिरीची घेऊ नका.

पिंप. ६० लिटरची तीन प्लॅस्टिकची पिंपं. बाजूंना तळापासून दोन इंच सोडून, चार-चार इंचांवर ८ मिमीची भोकं; तळाला पाच-सहा. पिंप विटांवर, खाली ताटली. आतून मच्छरदाणीची जाळी लावली की माश्या भोकांतून शिरत नाहीत. तळाला चार इंच नारळाचा काथ्या किंवा काटक्या, त्यावर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडलेली पानं. मग रोजचा कचरा, त्यावर कचरा पूर्ण झाकेल इतकी पानं. आठवड्यातून दोनदा ढवळायचं. एक पिंप महिना-पाच आठवड्यांत भरतं, मग त्याला ५० ते ६० दिवस नुसतं ठेवायचं. तिसरं भरेपर्यंत पहिलं तयार. महिन्याच्या २५-३० किलो कचऱ्याचं खत पाच-सहा किलो होतं, जास्तीची आशा नको.

काय घालू नये: तेलकट भाजी, मांस-मासळी, आंब्याच्या कोयी, करवंट्या. लिंबाची सालं थोडी चालतात. चहाचा चोथा धुऊन घाला, साखर-दूध राहिलं तर मुंग्या.

माती. घनफळाने ४ भाग हे खत, ३ भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग लाल माती, १ भाग पानांचा चुरा किंवा भाताचं तूस. शंभर लिटर मिश्रणाला अर्धा किलो निंबोळी पेंड. पाणी शिंपडून पंधरा दिवस झाकून ठेवा, मगच बी.

---

कोबा_आणि_गळती

गच्चीकर, लेख झकास, पण वजनाचं एक वाक्यही नाही. ते सगळ्यात वर यायला हवं होतं.

आपल्याकडे इमारती ज्या भारतीय मानकाने, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाने, बांधतात त्यात ये-जा असलेल्या गच्चीला धरलेला चल भार आहे दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो. चौरस फुटाला १४ किलो. यात माणसं, कुंड्या, पाणी सगळं आलं. आता ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. वीस सेंटीमीटर जाड थर पसरला की चौरस मीटरला ३२० ते ३६०, म्हणजे मर्यादेच्या दुपटीच्या वर. गच्चीभर वाफे बांधून माती भरणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा.

गच्चीकरांचं मिश्रण भिजल्यावर घनमीटरला ८००-९०० भरतं. वीस सेंटीमीटरला १६० ते १८०. तेही अख्ख्या गच्चीभर नाही चालणार. निम्म्यापेक्षा कमी जागा व्यापा, बाकी वाट मोकळी. सरासरी ८० च्या आत राहील आणि माणसांना उभं राहायला भार शिल्लक उरेल.

पाण्याचं पिंप ही सर्वांत फसवी वस्तू. २०० लिटरचं पिंप चौरस मीटरच्या जेमतेम चौथाईवर उभं असतं, तेवढ्यात २०० किलो. ते तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. बाहेर काढलेल्या बाल्कनीत जड वस्तू भिंतीकडे. कठड्याच्या बाजूला नाही. छज्ज्यावर तर काहीच नाही, तो उन्हापावसासाठी असतो. कठड्याला बाहेरून टांगलेल्या कुंड्यांबद्दल बोलत नाही, खाली माणसं चालतात एवढं पुरे.

आणि लागवडीच्या पिशव्या (ग्रो बॅग) थेट फरशीवर नकोत. विटा किंवा लोखंडी मांडणी, खाली तीन-चार इंच हवा. कायम ओल राहिली की कोब्याचे सांधे फुटतात. त्यात पिंपळाचं एक बी पडलं की पुढची दहा वर्षं तेच काम. पाणी जायच्या नळीला जाळी आणि महिन्यातून एकदा साफसफाई. गळतीच्या बऱ्याच तक्रारी तुंबलेल्या नळीच्या असतात, झाडांच्या नाही. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव घ्या. तोंडी 'हो' दुसऱ्या कमिटीला आठवत नाही.

---

गच्चीकर

कोबाभाऊ, मान्य, चूक माझी. एक पुरवणी: १२ बाय १२ इंचांच्या पिशवीचं घनफळ २२ लिटर. दहा इंच भरली तर ओलं वजन १६ किलोच्या आसपास. तुमच्या गच्चीवर किती पिशव्या, तो गुणाकार यावरून करता येईल.

---

अळूचं_फदफदं

पिंपाला वास येतोय आणि पांढऱ्या-तपकिरी जाड अळ्या वळवळतायत. शेजारच्या काकू रोज दारात. काय करू?

---

शेणामेणाचं_घर

ताई, वास कसला ते सांगा, उपाय त्यावर आहे.

लघवीसारखा, डोळ्यांत जाणारा तिखट वास म्हणजे अमोनिया: हिरवा कचरा जास्त, पानं कमी. पानं दुप्पट करा, तीन दिवसांत जातो. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही आणि पाणी जास्त. सगळं घमेल्यात ओता, पानांत कालवा, तळाची भोकं सळईने मोकळी करा आणि परत भरा. मूठभर माल घट्ट दाबून बघा: बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर ओलं, मूठ उघडल्यावर भुसभुशीत विखुरलं तर कोरडं. कोरड्याची दुसरी खूण मुंग्या. मुंग्या दिसल्या की पावडर नको, तांब्याभर पाणी टाका.

अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असणार. त्या कामाच्याच आहेत, कचरा झपाट्याने संपवतात. त्यांची मोठी माशी चावत नाही आणि स्वयंपाकघरात घोंघावतही नाही, तिला खाणंच नसतं. पण अळ्या भिंतीवर चढून बाहेर यायला लागल्या म्हणजे आत फार ओलं आहे. पानं घाला, त्या खाली जातील. काकूंना सांगा दोन आठवड्यांत कमी होतील. पांढरी बुरशी दिसली तर तिला हात लावू नका, ती पानांतलं लिग्निन, म्हणजे चिवट काष्ठद्रव्य, फोडणारी आहे.

आणखी एक. ६० लिटरचं पिंप तापतं, पण मोठ्या ढिगाइतकं तापून राहत नाही. त्यामुळे टोमॅटो, पपई, मिरचीच्या बिया मरत नाहीत. कुंडीत न पेरलेलं काही उगवलं तर दचकू नका. लाल भोपळा तर हमखास येतो आणि सगळ्यांच्या डोक्यावर चढतो.

---

मुलुंड_पूर्व

आमच्याकडे पानं मिळत नाहीत. सोसायटीत अशोकाची चार झाडं, माळी झाडून पेटवतो.

---

शेणामेणाचं_घर

माळ्याला चहा पाजा, पेटवायच्या आधी पोतं द्या. नाहीच जमलं तर रसवंतीवरची चिपाडं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीत उसाची चिपाडं वापरून दाखवली, ती वाट चांगली चाललेली आहे. फक्त ताजी वापरू नका, साखरेमुळे मुंग्या आणि आंबूस वास. एक रात्र पाण्यात बुडवा, तीन दिवस उन्हात टाका, मग कोयत्याने बोटभर तुकडे. नारळाचा काथ्या चालतो पण कुजायला वर्ष घेतो. सुताराकडचा भुसा विचारून घ्या: सागाचा-आंब्याचा ठीक, प्लायवुडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या तात्पुरत्या चालतात, पण भिजल्या की लगदा होऊन हवा अडवतात.

---

प्रयोगशील

या सगळ्याचं मूळ बघायचं तर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं. त्यांचा रोख नुसता खतावर नव्हता, झाड ऊन किती पकडतं आणि त्याचा जैवभार (पाला, काड्या, मुळं) किती परत मातीत जातो यावर होता. गच्चीवर त्याचा सरळ अर्थ: पीक निघालं की मूळ उपटू नका, जमिनीलगत कापा, वरचा पाला तिथेच पसरा. उघडी माती दिसू नये. पुण्याच्या उन्हात काळी पिशवी हाताला चटका देण्याइतकी तापते, वर दोन इंच पानं असली की माती थंड राहते आणि पाणी बरंच कमी लागतं.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराचाच कचरा वापरून बाग उभी केली, तिथेही मातीचा वाटा अगदी थोडा होता.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाबद्दल, कोणी लिहिलं नाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गायीचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. गच्चीला १० लिटरची बादली पुष्कळ: शेण ५०० ग्रॅम, गोमूत्र पाव ते अर्धा लिटर, काळा गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, चमचाभर जिवंत माती. सावलीत, गोणपाट झाकून, दिवसातून दोनदा ढवळत ४८ तास. आठवड्याच्या आत संपवा. दहापट पाणी घालून पिशवीला अर्धा लिटर, पंधरा दिवसांतून एकदा.

---

खडूस_काका

दहा लिटर जीवामृतासाठी शहरात शेण आणायचं, दोन दिवस शेजाऱ्यांना वास द्यायचा, आणि त्यातून नत्र किती? नगण्य. पिशवीतल्या मिश्रणात चाळीस टक्के खत आधीच आहे, त्यात सूक्ष्मजीव काय कमी असतात? शेतात सेंद्रिय कर्ब कमी असतो, तिथे त्याचा विचार वेगळा. गच्चीत एक ओंजळ तयार खत महिन्यातून दोनदा टाकलंत की झालं.

---

प्रयोगशील

काका, नत्रासाठी कोणी देत नाही, ते विरजण आहे. पण मान्य, ज्यांचं पिंप नीट चाललंय त्यांना ते नसलं तरी अडत नाही. नव्या कोकोपीटला मात्र द्यावं, ते सुरुवातीला निर्जीव असतं.

कोकोपीटवरून: ५ किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुगते. ते पाणी पिळून टाका, परत भिजवा, परत पिळा. तीनदा. किनाऱ्याजवळच्या काथ्यात मीठ राहतं आणि रोपांच्या पानांच्या कडा करपतात. लोक त्याला उन्हाचा चटका समजून आणखी पाणी घालत बसतात.

---

काळी_माती_लातूर

आमच्याकडे लाल माती नाही, काळीच आहे. वापरू का?

---

गच्चीकर

दोन भागांऐवजी एकच भाग घ्या, उरलेला भाग जाडसर वाळू किंवा तूस. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. शिवाय ती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. कढीपत्ता, लिंबू आणि जास्वंद यांच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडलं तर लोह मिळत नाही असं समजा. ताक ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो, थोडा फरक पडतो, पण खरा उपाय पिशवीतली माती बदलणं किंवा चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल असं) लोह फवारणं. पावसाचं पाणी साठवून कढीपत्त्याला द्या, त्याला सर्वांत आधी मानवतं.

---

दुधीभोपळा

आता भाजीचं बोला. गच्चीवरून घर चालतं का?

---

खडूस_काका

नाही. चार माणसांना रोज एक-सव्वा किलो भाजी लागते, वर्षाला चारशे किलोच्या वर. दोनशे चौरस फुटांत, त्यातही निम्मी जागा वाटेला सोडून, ते होत नाही. जे लोक 'बाजारातून भाजीच आणत नाही' लिहितात त्यांनी कांदा-बटाटा मोजलेला नसतो.

तेव्हा महाग किंवा नाजूक आहे तेच लावा. पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, हिरवी मिरची, गवती चहा, आळूची पानं. बाजारात कोमेजून येतात, घरी पाच मिनिटांपूर्वीची मिळतात. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर विकत घ्या. कोबीचा एक गड्डा तीन महिने एक पिशवी अडवतो आणि हिवाळ्यात त्याची किंमत काय असते ते मंडईत विचारा.

---

शेणामेणाचं_घर

काकांचं पटलं, फक्त वेलवर्गीयांना जागा द्या. कठड्यावर किंवा जाळीवर चढतात, जमीन अडत नाही.

वेळ असा. मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या पुढे, पाऊस खरंच पडल्यावर भेंडी, गवार, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी, दुधी. थेट पिशवीत पेरा, रोप उपटून लावलेलं वेलवर्गीयांना आवडत नाही. दुधीला ५० लिटरची पिशवी, दोडक्याला ३०, भेंडीला १२ इंचात दोन झाडं. ऑगस्टमध्ये वांगी-टोमॅटो-मिरचीचं तरु टाका (रोपांसाठी बी पेरा), गणपती गेले की लावणी. दसऱ्यापासून मेथी, पालक, मुळा, शेपू, चुका, करडई, लसूण. उन्हाळ्यात लाल माठ, चवळई, अंबाडी. हे तिघे कशालाही दाद देत नाहीत. पावसाळ्यात मायाळू विसरू नका, एकदा लावली की भज्यांची सोय कायमची.

मेथी डब्यातलीच पेरली तरी येते: रात्रभर भिजवा, सहा इंच खोल ट्रेमध्ये दाट विखरा, अर्धा सेंटीमीटर माती. तीन-चार दिवसांत उगवते, २५-३० दिवसांत कापायची. कोथिंबिरीचं मात्र लोकांचं नेहमी फसतं. धना म्हणजे फळ, आत दोन बिया. पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा, मग पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस, तोवर माती एकदाही कोरडी पडू द्यायची नाही. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा, कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढा. मार्च-मेमध्ये नाद सोडा. उगवलीच तर चार पानांवर फुलं धरते.

---

दुधीभोपळा

दुधीला फुलं भरपूर, फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडून गळतं.

---

गच्चीकर

परागीकरण होत नाहीये. उंच मजल्यावर कीटक कमी येतात, हाताने करा. देठाशी छोटा दुधी असतो ती मादी, नुसता लांब देठ तो नर. सुरुवातीचे दोन आठवडे नरच येतात, घाबरू नका. नर खुडा, पाकळ्या मागे सोला, आतला पिवळा दांडा मादीच्या मधल्या गड्ड्यावर हलकेच फिरवा. एका नरात दोन माद्या होतात.

वेळ महत्त्वाची आणि ती प्रत्येकाची वेगळी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा दिवेलागणीनंतर. दोडकाही संध्याकाळचाच. घोसाळं, लाल भोपळा, कारलं, काकडी यांचं पहाटे. आठ-नऊच्या आत उरका. सकाळी नऊला दुधीकडे ब्रश घेऊन जाणाऱ्याला कोमेजलेलं फूल मिळतं आणि मग 'हायब्रिड बी खराब' अशी तक्रार होते.

फळ धरल्यावर कारलं, दोडकं, काकडी वर्तमानपत्राच्या पिशवीत घाला, फळमाशी टोचत नाही. सापळा लावायचा तर क्यू ल्यूर या नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा. मिथाइल युजेनॉलचा सापळा आंब्या-पेरूच्या माशीचा आहे, दुकानदार तोच हातात देतो आणि काकडी किडतच राहते.

---

अळूचं_फदफदं

मिरचीची पानं मुरगळलीत. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचं जाळं. नीम तेल मारलं, पानं करपली.

---

शेणामेणाचं_घर

भेंडी आधी: शिरा पिवळ्या म्हणजे केवडा, विषाणू. पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधून टाका. पिंपात घातलं तरी विषाणू त्यातून जात नाही, पण पानांखालची माशी उडून दुसऱ्या झाडावर बसते, म्हणून ती आधी मारा.

मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळली तर कोळी (माइट). भिंग घ्या. कोळ्याला आधी पानांच्या मागून जोरात पाणी. कोरड्या हवेत वाढतो, ओलीने मरतो.

नीम तेलात दोन चुका होतात. तेल पाण्यात तसंच टाकलं तर तरंगतं: पहिले फवारे नुसतं पाणी, शेवटचे नुसतं तेल, त्यानेच पान करपतं. कोमट पाण्याच्या वाटीत आधी २ मिली द्रवसाबण, त्यात ५ मिली तेल, दुधासारखं पांढरं होईपर्यंत घोटा, मग एक लिटर करा. अर्ध्या तासात संपवा. दुसरी चूक वेळेची. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला. दर पाच दिवसांनी, तीन वेळा. पिठ्या ढेकणाला आधी कापसाने पुसून काढावं लागतं, त्याच्या मेणावरून फवारा ओघळतो. मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीकडे नेतात, तेव्हा मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. वाट्यांत थेंबभर तेल टाका, नाहीतर डास.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. हाताने उचला. फवारणी कढीपत्त्यावर कशाला, तो आमटीत जायचाय.

---

काळी_माती_लातूर

टोमॅटोचं बूड काळं पडतंय. अंड्याची टरफलं घातली.

---

खडूस_काका

टरफल कुजायला वर्षं जातात, या हंगामाला उपयोग नाही. आणि तुमच्या काळ्या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, असतोच, तो फळापर्यंत पोचत नाही कारण पाणी एक दिवस भरमसाठ आणि तीन दिवस शून्य. नेमाने द्या, वर पानं पसरा. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं.

---

मुलुंड_पूर्व

पावसाचं मी लिहितो. मुंबईत एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे उघड्या पिशवीतून नत्र धुऊन जाणारच. खालची जुनी पानं फिकट पडली की समजायचं. पंधरा दिवसांतून एकदा दोन ओंजळी खत, पाऊस उघडला त्या दिवशी. पिंपावर पत्रा हवाच. नुसतं झाकण पुरत नाही, बाजूच्या भोकांतून वारा पाणी आत मारतो. जूनच्या आधी पानांची पोती प्लॅस्टिकमध्ये बांधा, ओली पानं म्हणजे पिंपाला काही दिलंच नाही असं धरा.

गच्चीचं पाणी धरायचं तर हिशेब सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. २० चौरस मीटरवर १०० मिमी पडला तर २००० लिटर, गळती-उडाणं सोडून १६०० धरा. पिंप तर एका सरीत भरतं, म्हणून ओसंडायची नळी आधी जोडा. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते. पिंपाला घट्ट जाळी. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या दर रविवारी उपड्या.

---

नागपुरी_ऊन

४५ अंशांत काय करायचं ते ऐका. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, झाडांच्या वर किमान सात फूट. डोक्याला लागेल एवढी खाली बांधली तर खाली भट्टी होते. काळ्या पिशव्यांभोवती गोणपाट गुंडाळा. पाणी सकाळी सहाला, पानं मान टाकत असतील तर संध्याकाळी परत. दुपारी मान टाकलेली पानं संध्याकाळी उठली तर पाणी कमी नाही, ऊन जास्त आहे.

बाहेरगावी जायचं असेल तर न रंगवलेलं मातीचं मडकं पिशवीत गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण. दोन लिटरचं मडकं मोठ्या पिशवीला दोन-तीन दिवस पुरतं. चिनीमातीचं किंवा रंग दिलेलं नको, झिरपत नाही. मडकं दोन वर्षांत क्षारांनी बंद होतं, तेव्हा बदला.

एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे वाळत असतात, तेव्हा त्या बाजूच्या पिशव्यांवर पंधरा दिवस फवारणी आणि जीवामृत बंद. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे सांगावं लागत नाही.

---

दुधीभोपळा

शेवटचा प्रश्न. बी घरचं कसं ठेवायचं?

---

प्रयोगशील

पाकिटावर एफ-१ (संकरित बी) असेल तर ठेवू नका, पुढची पिढी सरमिसळ येते. देशी असेल तर सर्वांत सरस झाडावर एक फळ सोडा, सर्वांत उशिरा धरलेलं नाही, सुरुवातीच्या तोड्यातलं. भेंडी झाडावरच तडकेपर्यंत. दुधी हलवल्यावर आत बिया वाजायला लागेपर्यंत. टोमॅटोचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. तळाशी बसलेल्या घ्या, तरंगणाऱ्या टाका. कागदावर नको, चिकटतात. स्टीलच्या ताटलीत वाळवा. सावलीत आठवडाभर, मग चुलीची किंवा गोवरीची चाळलेली राख चोळून काचेच्या बाटलीत. बाटलीवर तारीख आणि पिशवीचा नंबर. दोडका आणि घोसाळ्याचं बी हातात घेतल्यावर जवळपास सारखं दिसतं, नाव न लिहिलेल्या बाटलीतून जूनमध्ये काय पेरलं ते ऑगस्टमध्ये कळतं.